द्रुतगती डायल-अप मोडेम आणि टेरा टर्म : जोडणी होते, परंतु फाइल पूर्ण उतरत नाही

प्रश्न : द्राक्षनगरी

नमस्कार. आमचे द्राक्षांचे शीतगृह पिंपळगाव बसवंत परिसरात आहे आणि कार्यालय नाशिकला कॉलेज रोडवर आहे. शीतगृहातील खोल्यांचे तापमान नोंदवणारा जुना डेटा लॉगर तेथील मोडेमला जोडलेला असून, कार्यालयातून दूरध्वनीवरून डायल करून त्याची नोंद उतरवून घेण्याची पद्धत बरीच वर्षे चालत आली आहे. निर्यातीच्या मालाबरोबर ही नोंद द्यावी लागत असल्याने तिच्यात खंड पडून चालत नाही.

आतापर्यंत हे काम विंडोज एक्सपीवरील हायपरटर्मिनल या मोडेमशी संवाद साधणाऱ्या सॉफ्टवेअरने होत असे. तो संगणक बंद पडला. नव्या संगणकावर विंडोज १० आहे, त्यात सिरियल पोर्टही नाही आणि हायपरटर्मिनलही नाही. म्हणून यूएसबी-सिरियल अडॅप्टर घेऊन त्याच कामाचे टेरा टर्म हे सॉफ्टवेअर बसवले. कार्यालयातील मोडेम यूएस रोबोटिक्सचा, ५६के, बाहेरून जोडायचा आहे. शीतगृहातील मोडेम रॉकवेल चिपचा आहे.

अडचणी अशा. रिसीव्हर उचलल्यावर डायलटोन स्वच्छ ऐकू येतो, तरीही मोडेम पुष्कळदा ‘नो डायलटोन’ असे उत्तर देतो. जोडणी झाली तर लॉगरचा मेनू व्यवस्थित दिसतो, परंतु एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने फाइल मागवल्यास सुमारे २ केबी आल्यावर ती हमखास अडकते. साधा मजकूर-अहवाल पडद्यावर घेतला तर मधल्या काही ओळी गायब असतात. टेरा टर्ममध्ये वेग ५७,६०० ठेवला आहे आणि फ्लो कंट्रोल ‘एक्सऑन/एक्सऑफ’ आहे. मोडेम ५६के असूनही जोडणी ३३,६०० च्या वर कधीच जात नाही, हाही त्याच बिघाडाचा भाग आहे का?

उत्तर : सातपूरकर

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तो बिघाड नाही. व्ही.९० पद्धतीचा ५६के वेग एका टोकाला इंटरनेट सेवादात्याकडे असते तशी डिजिटल जोडणी असली तरच, आणि तोही एकाच दिशेने, मिळतो. दोन्ही टोकांना साधे अॅनालॉग मोडेम असतील तर व्ही.३४ या मानकाची ३३,६०० ही मर्यादा ओलांडता येत नाही.

येथे दोन वेगवेगळे वेग आहेत, हे ध्यानात घेतल्यास बाकीचा गुंता सुटतो. टेरा टर्ममध्ये आपण जो वेग ठरवता तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा असतो. दूरध्वनीच्या तारेवरचा वेग दोन मोडेम आपापसांत ठरवतात, आणि तार खराब झाली तर बोलणे चालू असतानाच तो खाली आणतात. केबलचा वेग तारेपेक्षा जास्त आणि कायम एकच ठेवायचा असतो, म्हणजे व्ही.४२बिस संक्षेपामुळे (माहिती दाबून पाठवण्याच्या पद्धतीमुळे) मजकूर दाटीने आला तरी केबल अपुरी पडत नाही. या दोन वेगांतील तफावत सांभाळण्यासाठी ‘थांब’ आणि ‘चालू दे’ अशी खूण लागते. तिलाच फ्लो कंट्रोल म्हणतात, आणि आपली एक्समोडेमची अडचण नेमकी तेथेच आहे.

एक्सऑन/एक्सऑफ पद्धतीत ही खूण वेगळ्या तारेने न जाता माहितीच्याच प्रवाहातून १७ आणि १९ या क्रमांकांच्या वर्णांनी जाते. एक्समोडेम फाइलचे १२८ बाइटांचे ठोकळे करतो आणि प्रत्येक ठोकळ्याच्या आरंभी त्याचा क्रमांक एका बाइटात लिहितो. सोळा ठोकळे म्हणजे बरोबर २,०४८ बाइट. सतराव्या ठोकळ्याचा क्रमांक आला की संगणकाचा पोर्ट चालवणारा ड्रायव्हर त्याला एक्सऑन समजून गिळून टाकतो आणि ठोकळा सदोष ठरतो. तो कितीही वेळा पुन्हा पाठवला तरी तेच घडते. हायपरटर्मिनलमध्ये बहुधा ‘हार्डवेअर’ हा, वेगळ्या तारांनी खूण देणारा पर्याय निवडलेला असावा, म्हणून हे इतकी वर्षे उघडकीस आले नाही.

तेव्हा टेरा टर्मच्या ‘सेटअप’ मेनूतील ‘सिरियल पोर्ट’ येथे ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल ‘आरटीएस/सीटीएस’ (हेच ते हार्डवेअर फ्लो कंट्रोल) असे ठेवून ‘सेव्ह सेटअप’ करावे. मोडेमलाही तेच सांगावे लागते. यूएस रोबोटिक्सच्या मोडेममध्ये त्यासाठी ‘एटी&एफ१’ ही एकच आज्ञा पुरते, कारण तिने कारखान्यातील हार्डवेअर फ्लो कंट्रोलची मांडणी लागू होते; त्यानंतर ‘एटी&डब्ल्यू’ देऊन ती जतन करावी. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमन अक्षरे आणि अंक वापरावेत.) ‘एटी&एफ’ एवढेच दिल्यास फ्लो कंट्रोल बंद असलेली मांडणी येते, म्हणून शेवटचा अंक विसरू नये.

उत्तर : कार्यशाळा_अंबड

सातपूरकरांच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो. आरटीएस/सीटीएससाठी केबलमध्ये त्या तारा प्रत्यक्ष असाव्या लागतात. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये केवळ पाठवणे, घेणे आणि ग्राउंड अशा तीनच तारा असतात. अशा केबलवर सॉफ्टवेअरमध्ये काहीही निवडले तरी उपयोग नाही. मोडेमसाठी सर्व तारा असलेली सरळ केबल घ्यावी, दोन संगणक थेट जोडण्यासाठी तारा उलटसुलट केलेली नल मोडेम केबल नव्हे. मल्टिमीटरने सातव्या आणि आठव्या पिनांच्या तारा तपासता येतात; मात्र मोडेमकडचे टोक २५ पिनांचे असेल तर त्याच तारा तेथे चौथ्या आणि पाचव्या पिनांवर सापडतील.

डायलटोनचे कारण वेगळे आहे. मोडेम ‘एक्स४’ स्थितीत असताना डायल करण्यापूर्वी त्याला ओळखीचा टोन ऐकू यावा लागतो. कार्यालयाच्या एक्सचेंजचा टोन आपल्या कानाला नेहमीचाच वाटतो, परंतु मोडेम ज्या टोनची अपेक्षा धरतो त्याच्याशी तो जुळत नाही. ‘एटीएक्स३’ दिल्यास मोडेम टोनची वाट न पाहता थोडे थांबून डायल करतो आणि बिझी टोन मात्र ओळखत राहतो. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य फिरवावे लागत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम द्यावा. एक स्वल्पविराम म्हणजे साधारणतः २ सेकंदांचा विराम.

द्राक्षनगरी

दोघांचेही आभार. केबल खरोखरच तीन तारांची निघाली. ती बदलली, वरील आज्ञा जतन केल्या, आणि आता ‘नो डायलटोन’ येत नाही. एक्समोडेमने फाइल पूर्ण उतरते. तरीही मधूनच काही सेकंद सर्व काही स्तब्ध होते, आणि मजकूर-अहवाल घेताना असे झाले की त्या ठिकाणच्या ओळी अजूनही गळतात. व्ही.४२ मध्ये चूक-दुरुस्ती असते असे वाचले होते, मग ओळी जातात कोठे?

उत्तर : गोदाकाठ

ओळी तारेवर हरवत नाहीत. त्या शीतगृहातील मोडेमच्या दाराशीच सांडतात. व्ही.४२ ची हमी एका मोडेमपासून दुसऱ्या मोडेमपर्यंतच असते. स्तब्ध होण्याचा काळ म्हणजे दोन्ही मोडेम तारेची अवस्था बिघडल्यामुळे पुन्हा जुळवून घेत असतात. तेवढ्यात लॉगर मात्र लिहितच राहतो. अशा जुन्या लॉगरना बहुधा फ्लो कंट्रोल नसते, त्यामुळे मोडेमचा बफर भरला की पुढचा मजकूर वाया जातो. एक्समोडेममध्ये प्रत्येक ठोकळ्याची पोच मिळाल्याशिवाय लॉगर पुढे जात नाही, म्हणून तेथे केवळ उशीर होतो.

लॉगरचा वेग मेनूत पाहावा. तो ९,६०० असेल तर त्याच्याकडून सेकंदाला फार तर ९६० वर्ण येतात, आणि २०० केबींची फाइल आली तरी साडेतीन मिनिटांचे काम आहे. त्यासाठी तारेवर ३३,६०० चा हट्ट धरण्यात काहीच मिळत नाही. कार्यालयातील मोडेमला ‘एटी&एन६’ देऊन तारेचा वेग ९,६०० वर बांधावा किंवा ‘एटी&एन८’ देऊन १४,४०० वर ठेवावा. मी १४,४०० पसंत करीन, कारण लॉगरपेक्षा थोडी मोकळीक राहते. माझ्या मते या मोडेमांचा ‘द्रुतगती’ हा गुण अशा कामात अडचणच करतो.

शीतगृहाचा दूरध्वनी अजून तांब्याच्या तारेवर आहे की फायबरच्या पेटीतून येतो, हेही पाहावे. फायबरवर आवाजाची पाकिटे होतात, आवाज फारसा न दाबणारी जी.७११ पद्धत असेल तर मोडेम बहुधा निभावतो, जी.७२९ सारखा दाबलेला आवाज असेल तर त्यावर व्ही.३४ टिकणे जवळजवळ अशक्य आहे.

दूरच्या मोडेमबाबत एक खबरदारी. तो लॉगरच्याच वेगाने संगणकाला जोडून ‘एटीएस०=१’ (पहिल्याच घंटेला आपोआप उचलण्यासाठी) आणि त्यानंतर ‘एटीई०क्यू१&डब्ल्यू’ असे जतन करावे. वीज जाऊन आल्यावर तो त्याच वेगाने उत्तर देईल, आणि ‘रिंग’, ‘कनेक्ट’ अशी स्वतःची उत्तरे लॉगरकडे पाठवणार नाही. नाहीतर काही लॉगर तीच आज्ञा समजून भलतेच काही करतात. केबलमध्ये डीटीआरची (जोडलेले उपकरण तयार असल्याच्या खुणेची) तार नसेल तर, मोडेमने त्या खुणेकडे दुर्लक्ष करावे म्हणून त्याच ओळीत ‘&डी०’ हेही घालावे.

द्राक्षनगरी

लॉगर ९,६०० वरच आहे. शीतगृहातील व्यवस्थापकांना विचारले तेव्हा कळले की मागील पावसाळ्यानंतर तेथे फायबरची पेटी बसवली आहे. ओळी गळू लागल्याचे त्यांच्याही लक्षात तेव्हापासूनच आले होते, परंतु दोष जुन्या संगणकाला दिला गेला. वेग १४,४०० वर बांधल्यापासून अहवाल सलग येतो आहे. दूरच्या मोडेमची मांडणी पुढच्या फेरीत तेथे जाऊन करतो, आणि आवाजाची पद्धत जी.७११ करून मिळते का, ते दूरध्वनी कंपनीकडे लेखी विचारले आहे.