सहा वर्षं चाललेली झोपेची गोळी एका दिवसात बंद करायची?

पूर्व भागातला डॉक्टर:
मागच्या महिन्यात इथं सोलापुरात ६२ वर्षांच्या एका विडी कामगार बाईंना त्यांचा मुलगा माझ्या दवाखान्यात घेऊन आला. सहा वर्षं सकाळ-रात्र अल्प्राझोलाम ही झोपेची, घबराटीवरची गोळी ०.५ मिग्रॅ चालू होती. दुसरीकडे दाखवायला गेल्या, तिथं "ही सवयीची गोळी आहे, आजपासून बंद" म्हणून चिठ्ठीवरनं खोडली गेली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, हातपाय थरथरले, तिसऱ्या दिवशी फिट आली. घरच्यांना वाटलं नवाच आजार. कर्ज काढून स्कॅन केला.

यात चूक दोनदा झाली आणि दोन्ही वेळा आपली, डॉक्टरांची. दोन-चार आठवड्यांसाठी सुरू केलेली गोळी सहा वर्षं कुणी परत तपासली नाही. ही औषधं मेंदूतल्या 'गाबा' या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळाली की मेंदू स्वतःचा बंदोबस्त कमी करतो. गोळी एकदम काढली की घबराट, निद्रानाश, कधी भ्रम, कधी फिट. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून तिचा त्रास आणखी लवकर सुरू होतो.

आणि त्या बाई व्यसनी नव्हत्या. सांगितली तेवढीच गोळी घेत होत्या. शरीराला सवय लागणं वेगळं, नशेसाठी घेणं वेगळं. केसपेपरवर दोन्हीला एकच शब्द लिहिला जातो, याचा मला राग आहे.

तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस:
डॉक्टर, बंद करण्याबद्दल पटलं. पण सुरू करण्याबद्दल तुमचा सूर पटत नाही. माझ्याकडं रात्रपाळीचा यंत्रमाग कामगार येतो. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायचं, बाजूला माग खडखडतोय, एप्रिलचं सोलापूरचं ऊन. त्याला "झोपेची शिस्त पाळा" म्हणू? निद्रानाशावर समुपदेशनाची पद्धत पहिली, हे मलाही माहीत आहे. पण करणार कोण, आणि त्याचा खाडा भरून देणार कोण? घबराटीवर हिच्याऐवजी नैराश्याची गोळी दिली तर तिला लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात. तेवढे दिवस माणूस तडफडत ठेवायचा का? या गोळीनं मी कितीतरी लोकांना कामावर परत पाठवलंय. तुमच्या अशा लिहिण्यानं नवी पोरं घाबरून गरजेच्या पेशंटलाही नाही म्हणतील.

मेडिकल दुकानदार:
दोघंही चिठ्ठीवर 'रिपीट' लिहून मोकळे होता, शिव्या आम्हाला. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या सगळ्या झोपेच्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे नोंद सक्तीची असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या ते, आणि ते ३ वर्षं जपायचं. २०१४ पासून हा नियम आहे. मी पाळतो. मग लॅमिनेशन केलेली जुनी चिठ्ठी घेऊन आलेली म्हातारी काउंटरवर रडते, "लेकरा, चारच दे." गोळ्या किती दिवसांच्या आणि परत कधी दाखवायचं, एवढं तरी लिहा.

विडी कामगाराची लेक:
माझ्या अम्माला पण हीच गोळी. आता घरात आम्ही तिला 'निद्र मात्र' म्हणतो, तेलुगूत झोपेची गोळी. आधी अम्माला ती कशाची आहे हे कुणीच सांगितलं नाही, तिला वाटायचं ताकदीची. मागच्या वर्षी रात्री न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, पण पडली का, हे कुणी विचारलं नाही. मोठ्या डॉक्टरसाहेब, तुमचा माग कामगार तरुण असेल. साठीच्या पुढच्या बाईला तुम्ही तीच गोळी देता का?

तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस:
ताई, दिली आहे. म्हाताऱ्या माणसांत तोल जाणं, विसरभोळेपणा वाढतो हे माहीत असून दिली आहे. तुमचं बोलणं लागलं.

व्यसनमुक्ती केंद्रातली सिस्टर:
दारू सोडवताना आम्ही याच गटातली औषधं देतो आणि त्यांनी जीव वाचतात, म्हणून गोळीला सरसकट वाईट म्हणू नका. पण तीच गोळी दारूवर घेतली, किंवा दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलबरोबर घेतली, तर श्वास मंदावतो. तेवढं विचारतं कोण? अजून एक. आपल्याकडं तेलंगणात जाणं-येणं रोजचं. तिकडं भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम सापडलं आहे आणि ताडी बंद झाल्यावर माणसं थरथरत, बडबडत दवाखान्यात आली आहेत. "मी गोळी घेत नाही" म्हणणारा खरं बोलत असतो, तरी शरीराला सवय असते. शिंदी-ताडी पितो का, कुठली पितो, हे न ओरडता विचारा. ओरडलं की माणूस खोटं सांगतो.

पूर्व भागातला डॉक्टर:
सिस्टर, शिंदीचं मी विचारत नव्हतो. आता विचारेन.

सर, गरजेच्या वेळी देऊ नका असं मी म्हणत नाही. पहिल्याच चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहा, एवढंच. वर्षानुवर्षं घेणाऱ्याची कमी करायची तर दर दोन-चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, त्रास झाला तर तिथंच थांबायचं. वर्ष लागलं तर लागू दे. माझ्या पेशंट बाईंची गोळी मी पुन्हा सुरू केली. मुलगा चिडला होता, "बंद झालेली परत कशाला?" अर्धा तास समजावलं.

तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस:
तो अर्धा तास माझ्या ओपीडीत नाही, यावर मी ठाम आहे. पण तारीख लिहायला वेळ लागत नाही. सोमवारपासून लिहितो.

विडी कामगाराची लेक:
अम्माची एकाची अर्धी केली आहे, डॉक्टरांनी सांगितलं म्हणूनच. दीड महिना झाला. आता पाव करायची तर विळीवर तुकडे सारखे पडत नाहीत. काय करू?

मेडिकल दुकानदार:
ताई, विळी ठेवा. ०.५ ची गोळी असेल तर तिची अर्धी म्हणजे ०.२५, ती अख्खी गोळी पण येते. पण अर्ध्यावरून एकदम पाववर स्वतःहून जाऊ नका. डॉक्टरांना नवी चिठ्ठी लिहायला सांगा आणि रिकामी स्ट्रिप घेऊन या, मी बघून देतो.