उत्तर: तंगडी बाहेरून करपते, आतून कच्ची राहते

कोळशाच्या शेगडीवर भाजताना कोंबडीची तंगडी बाहेरून करपून हाडाजवळ कच्ची राहत असेल, तर दोष बहुधा मसाल्याचा नसून कोळसे शेगडीभर सारखे पसरण्याचा आहे. कोळशांवर राखेचा पांढरट थर चढला की ते एका बाजूला ओढावेत, तंगड्या आधी रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावावे आणि जाड भागात, हाडाला न टेकवता, खुपसलेल्या तापमापकावर ७४ अंश सेल्सिअस दिसल्यावरच (मला तंगडी ८० पर्यंत नेलेली अधिक रुचते) त्या निखाऱ्यांवर आणून खरपूस कराव्यात. साखर किंवा मध घातलेला सॉस अगदी शेवटी लावावा, कारण तो लवकर जळतो. कोळसे पेटवायला रॉकेल मात्र नको. मांसाला त्याचा वास लागतो.