कळस कुठला आणि शेवट कुठला : कल्मिनेट, कुल्मिनार, आकाबार, रेमातार

प्रश्न

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी जरा मदत करा.

गेल्या महिन्यात एका माहितीपटाच्या इंग्रजी निवेदनाचं भाषांतर करून दिलं. विषय अर्जेंटिनातलं २००१ चं आर्थिक संकट. त्यात वाक्य होतं की डिसेंबरमधली निदर्शनं राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ यांच्या राजीनाम्यात 'कल्मिनेट' झाली. स्पॅनिशमध्ये 'कुल्मिनार' आहेच, म्हणून मी तेच लिहिलं. पुढे तोच शब्द सारखा येऊ नये म्हणून कुठे 'तेर्मिनार' वापरलं, कुठे 'आकाबार'.

मजकूर तपासणाऱ्या बाई बुएनोस आइरेसच्या. त्यांनी माझं 'कुल्मिनार' खोडून 'देसेंबोकार' केलं. एका मुलाखतीतलं 'आकाबार' तीन ठिकाणी बदलून 'तेर्मिनार' केलं. आणि एका मुलीनं शिक्षण पूर्ण केलं, या वाक्यात मी 'तेर्मिनार' लिहिलं होतं, तिथे मात्र 'कुल्मिनार' घातलं! कारण एकाही बदलाचं दिलेलं नाही. शब्दकोशात या सगळ्यांपुढे संपणे, संपवणे, पूर्ण करणे हेच अर्थ दिसतात. मग फरक कशात आहे?

आणि 'क्लायमॅक्स' हे क्रियापद इंग्रजीत सर्रास वापरतात, त्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

उत्तर

ताई, तुमच्या तपासनीस बाईंनी पाचही ठिकाणी बरोबर केलंय असं मला वाटतं. कारणं मात्र द्यायला हवी होती. ती मी माझ्या परीने देतो. सव्वीस वर्षं स्पॅनिश शिकवतोय आणि हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतोच.

आधी 'कुल्मिनार'. लॅटिनमधल्या शिखर या अर्थाच्या 'कुल्मेन'पासून तो आला. सतराव्या शतकात इंग्रजीत 'कल्मिनेट' शिरला तो खगोलशास्त्राच्या दारातून. तारा किंवा सूर्य याम्योत्तर वृत्तावर येतो, म्हणजे त्या दिवशी आकाशात जास्तीत जास्त उंचावर पोचतो, ते त्याचं कल्मिनेट होणं. पुण्यात सूर्य असा माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या आसपास, माद्रिदमध्ये ऐन उन्हाळ्यात दुपारी सव्वादोनच्या सुमारास. आता बघा, सूर्य माथ्यावर आला म्हणून दिवस संपला का? अख्खी दुपार पुढे पडलेली असते. म्हणजे मूळ शब्दात शेवट नाहीच, कळस आहे.

इंग्रजीने काय केलं, तर कळस आणि शेवट एकाच जागी आणून ठेवले. एखादी गोष्ट अमुक गोष्टीत 'कल्मिनेट' झाली असं इंग्रजीत म्हटलं की ती चढत गेली, टोकाला पोचली आणि तिथे तिचं काहीतरी फळ निघालं, असे तिन्ही अर्थ एका दमात येतात. वाचणाऱ्याला त्यातला कुठला मुख्य हे ठरवावं लागत नाही. भाषांतर करणाऱ्याला मात्र ठरवावंच लागतं.

म्हणून मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: यानंतर उतार आहे का?

तुमचं वाक्य घ्या. दे ला रुआ यांनी २० डिसेंबर २००१ ला राजीनामा दिला. त्यानंतर काय झालं? रस्ते शांत झाले नाहीत. हंगामी माणसं त्या खुर्चीवर बसली आणि उठली, आणि २ जानेवारी २००२ ला एदुआर्दो दुआल्दे यांनी शपथ घेतली. भांडी बडवत लोक त्यानंतरही रस्त्यावर येत राहिले. म्हणजे निदर्शनं राजीनाम्याने संपली नव्हती, त्यामुळे 'तेर्मिनार' चुकीचं. राजीनामा हा निदर्शनांचा कळस होता, असंही नाही. तो त्यांचा परिणाम होता. 'देसेंबोकार' हे नदीचं क्रियापद आहे. नदी समुद्राला जाऊन मिळते ते 'देसेंबोकार'. वाहत आलेलं सगळं शेवटी इथे येऊन पडलं, एवढंच ते सांगतं. पाणी आटलं असं म्हणत नाही. मराठीत आपण नेमकं हेच 'परिणती'ने सांगतो. निदर्शनांची परिणती राजीनाम्यात झाली. इंग्रजी वाक्य मनात मराठीत वळवून पाहिलं असतंत, तर 'देसेंबोकार' आपसूक हाताला लागलं असतं. या बाबतीत मराठी माणसाची सोय आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे परिणती वेगळी, कळस वेगळा, शेवट वेगळा आणि सांगता वेगळी.

तरीही 'कुल्मिनार' तिथे अगदीच चूक ठरलं नसतं. वाटाघाटी करारात 'कुल्मिनार' झाल्या, असं स्पॅनिश वर्तमानपत्रं रोज लिहितात. पण तिथे करार हा त्या वाटाघाटींचा हेतू असतो, वर चढायचं ठरवूनच सगळे निघालेले असतात. निदर्शनांचं तसं नसतं.

आता त्या मुलीच्या शिक्षणाचं. इंग्रजीत 'कल्मिनेट' बहुतेक वेळा अकर्मक असतं. कुणी काही 'कल्मिनेट करत' नाही. स्पॅनिशमध्ये 'कुल्मिनार' सकर्मकही आहे आणि तिथे त्याचा अर्थ काम तडीस नेणं. माद्रिदच्या रॉयल स्पॅनिश अकादमीच्या कोशातही हा अर्थ दिलेला आहे. 'कुल्मिनो सुस एस्तुदिओस' म्हणजे तिने शिक्षण पूर्ण केलं, आणि त्यात कष्टाने वर चढून गेल्याची छटा आहे. लॅटिन अमेरिकेत हा वापर फार. 'तेर्मिनार'ने अर्थ पोचला असता, पण जेवण संपवणं आणि शिक्षण संपवणं एकाच पातळीवर आलं असतं. उलट सामना संपला, मुदत संपली, एवढ्यासाठीही हल्ली तिकडच्या बातम्यांत 'कुल्मिनार' लिहितात, ते मला खटकतं. मुदत कुठल्या शिखरावर चढते?

'क्लायमॅक्स'ची गोष्टही अशीच. ग्रीकमध्ये 'क्लीमाक्स' म्हणजे शिडी. अलंकारशास्त्रात पायरी पायरीने चढत जाणाऱ्या वाक्यरचनेला ते नाव होतं. इंग्रजीत पुढे शिडी राहिली बाजूला आणि तिच्या वरच्या पायरीलाच 'क्लायमॅक्स' म्हणायला लागले. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये नाटकाचा जो त्रिकोण मांडला, त्यात हे शिखर मधल्या अंकात येतं, शेवटी नाही. आपल्याकडे सिनेमाचा 'क्लायमॅक्स' म्हणजे शेवटची वीस मिनिटं, असं धरून चालतात, ते निराळं.

स्पॅनिशमध्ये 'क्लिमाक्स' हे नाम आहे, क्रियापद नाही. 'क्लिमाक्सला पोचणे' असं म्हणावं लागतं, किंवा 'कुल्मिनार'. आणि कथेच्या शेवटाला तिथे शाळेपासून शिकवलेला सुंदर शब्द आहे: 'देसेनलासे'. कथेचे तीन भाग सांगतात, मांडणी, गाठ आणि गाठ सुटणं. त्यातलं हे गाठ सुटणं. ही कल्पना थेट ॲरिस्टॉटलपर्यंत जाते, त्यानेही नाटकाचे गाठ बांधणं आणि गाठ सोडणं असेच दोन भाग केले होते. आपल्या नाट्यशास्त्रातल्या पाच संधींमधला शेवटचा 'निर्वहण' मात्र विखुरलेले धागे एकत्र आणून तडीला नेतो. तिकडे सोडणं, इकडे जुळवणं. इंग्रजीने यासाठी फ्रेंच शब्द उसना घेतला, पण तो समीक्षेपुरताच राहिला. म्हणून इंग्रजीत नुसतं 'एन्डिंग' दिसलं आणि तिथे कथानकाची उकल अभिप्रेत असली, तर 'देसेनलासे' लिहायला कचरू नका.

राहिलं 'आकाबार'. मुलाखतीत बोलणारी व्यक्ती प्रथमपुरुषी 'मी संपवलं' म्हणत असेल आणि पुढे काय संपवलं ते नसेल, तर अर्जेंटिना, उरुग्वे, चिले या देशांत त्या 'आकाबार'चा लैंगिक अर्थ आधी ऐकू येतो. स्पेनमध्ये त्या अर्थाला वेगळं क्रियापद आहे, 'कोर्रेर्से', जे एरवी 'सरकणे'. मेक्सिकोत 'बेनिर्से', म्हणजे 'येणे'चंच एक रूप. इंग्रजीतही तेच. शब्द साधे, रोजचे, आणि देश बदलला की अर्थ बदलतो. तुमच्या बाईंनी तीनही ठिकाणी 'तेर्मिनार' केलं ते यासाठीच असणार. आम्ही वर्गात हे संकोचून टाळतो आणि मग विद्यार्थी परक्या देशात अडचणीत येतात. सांगायलाच हवं.

पणजीहून

'आकाबार' वाचून राहवलं नाही. आमच्या कोंकणीत 'काबार' म्हणजे संपलं. 'पयशे काबार जाले' म्हणजे पैसे संपले. पोर्तुगीजमध्येही क्रियापद 'आकाबार'च आहे आणि आमचा शब्द तिथूनच आला. माझी आजी शाळेत एक दिवसही गेली नव्हती, पण रात्री भांडं उपडं घालताना 'काबार' म्हणायची. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावरच्या पापियामेंतो भाषेतही 'काबा' आहे, त्याचा अर्थ 'संपणे' आणि शिवाय 'आधीच, झालंसुद्धा'. एकच शब्द जहाजांतून दोन्हीकडे गेला.

मराठीतला 'लिलाव'ही पोर्तुगीज 'लेइलाँव'वरून आलाय. हे इथे सांगायचं कारण म्हणजे स्पॅनिशमध्ये लिलावाला 'रेमाते' म्हणतात, तोही शेवटाचाच शब्द ना?

उत्तर

होय, आणि काय शब्द आहे! 'रेमातार'मध्ये 'मातार' आहे, म्हणजे मारणे. घायाळ जनावराला शेवटचा घाव घालून मोकळं करणं हा मूळ अर्थ. तिथून मनोऱ्याच्या टोकावर क्रूस बसवला की मनोरा क्रुसाने 'रेमातार' झाला, म्हणजे आपलं कळस चढवणं. कापडाची कड टाचून शेवटचा टाका घालणं तेही 'रेमातार'. लॅटिन अमेरिकेत लिलावात शेवटची बोली ठरते ते 'रेमाते'. 'लोको दे रेमाते' म्हणजे ठार वेडा. 'ठार'मध्येही मारणं आहेच! दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर असताना दोघींनी वेडाच्या पुढे मरणाचाच शब्द लावला, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा रात्री उठून वहीत लिहून ठेवलं होतं.

भाषांतरात मोठा खड्डा आहे तो फुटबॉलचा. इंग्रजी 'फिनिश' म्हणजे बहुतेक वेळा गोल झालाच. स्पॅनिश 'रेमाते' म्हणजे गोलाच्या दिशेने मारलेला फटका, मग तो खांबाला लागो की प्रेक्षकांत जावो. अर्जेंटिनात त्या 'फिनिश'ला 'देफिनिर' म्हणतात.

'आकाबार'बद्दल अजून. हा शब्द 'काबो'पासून, म्हणजे टोक, आणि त्याचं मूळ लॅटिन 'कापुत', डोकं. इंग्रजी 'अचीव्ह' फ्रेंचमधून त्याच डोक्यापासून आलाय. इंग्रजीने मिळवणं घेतलं, स्पॅनिशने संपवणं. पण 'आकाबार'चे खरे खेळ दुसऱ्या क्रियापदाबरोबर दिसतात. 'आकाबो दे कोमेर' म्हणजे 'मी नुकतंच जेवलो', 'जेवण संपवतो' नव्हे. 'नो आकाबो दे एंतेंदेर' म्हणजे 'मला अजून नीटसं कळत नाहीये'. आणि 'आकाबो बेंदिएंदो ला कासा', इथे 'आकाबो'च्या शेवटच्या स्वरावर जोर, म्हणजे 'शेवटी घर विकायची पाळी आली'.

साखर संपली की इंग्रजी माणूस 'आम्ही साखरेबाहेर धावलो' अशा थाटात बोलतो, तिथे कर्ता माणूस असतो. स्पॅनिशमध्ये 'से नोस आकाबो एल आसूकार', साखर आपली आपण संपली आणि त्याची झळ आम्हाला लागली. मराठीत हेच: आमची साखर संपली. आणि आपल्याकडची जुनी माणसं तर 'संपली' हा शब्दही घरात काढत नसत, तांदूळ 'वाढले' म्हणत, फुटलेली बांगडीही 'वाढवली'च. शेवटाला भिणारी भाषा आहे आपली.

पुन्हा प्रश्न

सर, खूप आभार. 'देसेंबोकार'साठी परिणती, हे आता कायमचं डोक्यात बसलं. आणखी दोन शंका. एक, 'फायनलाइझ'ला 'फिनालिसार' चालतं ना? दोन, 'शिखरावर असणे' यासाठी 'आउखे' की 'आपोखेओ'?

उत्तर

दुसरं आधी, कारण ते माझं लाडकं आहे. अरबी 'औज'मधून स्पॅनिशमध्ये 'आउखे' आला, आणि अकादमीचा कोश त्याच्या मागे फारसी आणि त्याच्याही मागे संस्कृत 'उच्च' देतो. ग्रहाच्या कक्षेतलं दूरचं टोक, आपल्या ज्योतिर्गणितातलं उच्च. आपला उच्चीचा ग्रह आणि स्पॅनिश माणसाचा 'आउखे' एकाच घरचे. पण वापरताना जपा. धंदा 'एन आउखे' म्हणजे चढतीवर आहे, अजून वाढतोय. माथ्यावर पोचलेल्याला 'आपोखेओ' किंवा 'सेनित'.

पहिल्या शंकेला मात्र ठाम नाही. इंग्रजीत करार 'फायनलाइझ' करणं म्हणजे त्याला अंतिम रूप देणं. स्पॅनिशमध्ये करार 'फिनालिसार' करणं म्हणजे तो संपुष्टात आणणं. एकीकडे सुरुवात, दुसरीकडे शेवट. 'सेर्रार' लिहा, म्हणजे 'बंद करणे', सौदा पक्का करण्याला तेच वापरतात. स्पेनसाठी असेल तर 'उल्तिमार' चांगलं, पण लॅटिन अमेरिकेतल्या बातम्यांत 'उल्तिमार' म्हणजे ठार मारणं, तेव्हा तिकडे पाठवायचं असेल तर तेही नको.

प्रश्नकर्तीकडून

एका भाडेकराराचा मसुदा माझ्याकडे आहे, उद्या सकाळी बोगोताला जायचा होता. दुसऱ्याच ओळीत 'दोन्ही पक्षांनी करार फिनालिसार करण्याचं ठरवलं आहे' असं मी लिहून ठेवलं होतं. आत्ता फाइल उघडून 'सेर्रार' केलं आणि पाठवून दिली.