शब्दचर्चा: 'स्वयंनियमित अध्ययन' म्हणजे रोज नेमाने अभ्यास?

प्रश्न
मेडिकल आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरचा एक मजकूर मराठीत लिहिते आहे. 'सेल्फ-रेग्युलेटेड लर्निंग'साठी (म्हणजे आपल्या शिकण्याची आखणी, त्यावर लक्ष आणि दुरुस्ती शिकणाऱ्याने स्वतःच करणं) 'स्वयंनियमित अध्ययन' लिहिलं, तर वाचणाऱ्या पहिल्याच मैत्रिणीने विचारलं, "म्हणजे रोज नेमाने अभ्यास करणं ना?" मग 'स्वयंअध्ययन' चालेल का? की 'स्वाध्याय'?

प्रतिसाद
'स्वाध्याय' नको. एकाला धड्याखालचे प्रश्न आठवतील, दुसऱ्याला वेदपठण. 'स्वयंअध्ययन' म्हणजे शिक्षकाविना शिकणं. इथे शिक्षक, वर्ग, वेळापत्रक सगळं असू शकतं. 'स्वयंनिर्देशित' वेगळं: काय शिकायचं हेही शिकणाऱ्यानेच ठरवायचं. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. तुमच्या संकल्पनेत अभ्यासक्रम दुसऱ्याने ठरवलेला असला तरी बिघडत नाही. मी 'स्वनियामक अध्ययन' म्हणेन. 'नियमित'चा घोळ टळतो.

प्रतिसाद
'स्वनियामक'ला माझंही मत. शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्याला 'नियमन' लगेच कळेल. तापमानाचं नियमन होतं म्हणजे काय, तर आधी मोजलं जातं, मग फरक ओळखून दुरुस्ती होते. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांच्या स्वनियामक अध्ययनाच्या मांडणीतही असंच चक्र आहे: पूर्वविचार, प्रत्यक्ष कृती, आत्मपरीक्षण.

आयव्ही कॅन्युला (शिरेतून सलाईन द्यायची बारीक नळी) लावायला शिकणारी नर्सिंगची विद्यार्थिनी घ्या. कोणती शीर, कोणत्या मापाची सुई, मागच्या वेळी कुठे बिनसलं, हे पेशंटजवळ जाण्याआधी ठरवणं हा पूर्वविचार. सुई आत जाताना मागे रक्त दिसलं का, सलाईन सोडल्यावर जागा फुगतेय का, यावर लक्ष ठेवणं कृतीत आलं. खरी गंमत तिसऱ्या टप्प्यात. शीर हुकली. एकजण म्हणते, "पेशंटच्या शिराच खराब." दुसरी म्हणते, "मी कातडी नीट ताणून धरली नव्हती." पहिलीचं म्हणणं कधीकधी खरंही असतं, पण त्यातून पुढच्या वेळी करण्यासारखं काही निघत नाही. झिमरमन अपयशाच्या या कारणमीमांसेला आत्मपरीक्षणातच धरतात.

मूळ प्रश्नकर्ती
पटलं. पण मग काहींना हे जमतं आणि काहींना नाही, ते कशामुळे? मजकुराचा मुख्य विषय तोच आहे.

प्रतिसाद
'मला हे जमेल' हा विश्वास पहिला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा १९७७ पासून त्यावर लिहीत होते. असा विश्वास सर्वांत भक्कमपणे येतो तो स्वतः करून जमल्याच्या अनुभवातून. ज्याला वॉर्डात नुसतं मागे उभं केलं जातं त्याला तो कुठून यायचा?

पण नुसत्या विश्वासाचाही भरवसा नाही. डॉक्टर स्वतःचं मूल्यमापन किती अचूक करतात यावरच्या अभ्यासांचा आढावा २००६ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला होता. सर्वांत कमी कौशल्य असलेले आणि सर्वांत जास्त आत्मविश्वास असलेले, या दोघांचे अंदाज सर्वांत जास्त चुकत होते.

पुस्तकी अभ्यासातही तेच. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग बघा. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढे गेले. वाचत असताना मात्र पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती! हायलायटरवाल्यांनी हे जरूर वाचावं.

परीक्षेचा प्रकारही मोठी गोष्ट. पाठांतरावर गुण मिळत असतील तर शहाणा विद्यार्थी पाठांतरच करणार, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद
मला 'स्व'च खटकतो. "सर, हे मला समजलं नाही" म्हटल्यावर सगळ्यांसमोर पाणउतारा होणार असेल, तर विद्यार्थी शंका लपवायला शिकतो. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला 'आत्मपरीक्षण कर' म्हणणं तर थट्टाच झाली. सीनियर काम थांबवून दोन वाक्यं बोलतो, "हात स्थिर होता, पण कोन जास्त झाला", तेव्हा निम्मं नियमन त्यानेच केलेलं असतं. त्यासाठी 'सहनियमन' हा शब्दही मजकुरात येऊ द्या.

मूळ प्रश्नकर्ती
'स्वनियामक अध्ययन' पक्कं, आणि 'सहनियमन'ही घेते. आता 'फीडबॅक'ला 'प्रत्याभरण' लिहू का?

प्रतिसाद
शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात लिहा. वॉर्डात कुणी "सिस्टर, जरा प्रत्याभरण द्या" म्हटलं, तर त्या आधी ट्रॉलीत शोधतील. 'फीडबॅक'च राहू द्या.