शेगडीची काच आणि गॅलरीचा कठडा

ब-२०३, सकाळी ८.४०
सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. काल दुपारी सव्वातीनच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातून मोठा आवाज आला, त्याबद्दल अनेकांनी विचारले म्हणून सविस्तर लिहिते. सिलिंडर फुटलेला नाही आणि कोणाला इजाही झालेली नाही. तीन बर्नरच्या शेगडीची वरची काच फुटली, तीही शेगडी बंद असताना आणि ओट्यापाशी कोणीही नसताना. जेवणे आटोपून तासाहून अधिक वेळ झाला होता. मी आत जाऊन पाहिले तेव्हा ओट्यावर, फरशीवर, मांडणीतल्या भांड्यांत आणि झाकून ठेवलेल्या सोलकढीच्या पातेल्याभोवती खडीसाखरेएवढे तुकडे पसरले होते आणि त्यांतले काही नंतरही बराच वेळ तडतडत होते. दुकानदाराला फोन केला, तर "काच वॉरंटीत येत नाही, तुम्हीच काहीतरी गरम ठेवले असेल" एवढेच उत्तर मिळाले. शेगडी अडीच वर्षांपूर्वी घेतली तेव्हा त्याच दुकानात याच काचेला "न फुटणारी" म्हटले होते.

ब-१०१, सकाळी ८.५५
वहिनी, सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचे. आमच्याकडे गेली वीस वर्षे स्टीलची शेगडी आहे, ती काही फुटली नाही. दिसायला चकचकीत म्हणून काच घ्यायची आणि मग ओट्यावर डोळा ठेवून बसायचे, हे मला कधी पटलेले नाही.

सचिव (अ-१०२), सकाळी ९.२०
काका, आपला मुद्दा नोंदवला. मात्र हा विषय एका शेगडीपुरता राहिलेला नाही. गॅलऱ्यांचे गंजलेले लोखंडी कठडे काढून काचेचे बसवण्याचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे आणि आलेल्या तिन्ही कोटेशनांत "१२ मिमी टफन्ड काच" एवढाच उल्लेख आहे. क-३०१ च्या सरांनी भौतिकशास्त्र शिकवले आहे आणि अ-४०४ च्या भाऊंचे काचकामाचे वर्कशॉप आहे. दोघांनी सवडीने लिहावे, ही विनंती. ऐकीव फॉरवर्ड कृपया पाठवू नयेत.

क-३०१, सकाळी १०.४५
"न फुटणारी" हा विकणाऱ्याचा शब्द आहे, काच करणारा तो कधी वापरणार नाही. शेगडीवरची काय किंवा कठड्याची काय, ही टफन्ड (तापवून झटकन निववलेली) काच करताना साधी काच आधी मापात कापतात, तिला भोके पाडतात, कडा घासतात, मग ती सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. पृष्ठभाग लगेच घट्ट होतो, पण गाभा अजून तप्त असतो. तो मागाहून निवताना आकसू पाहतो आणि आधीच घट्ट झालेल्या पृष्ठभागाला आत ओढून धरतो. परिणामी बाहेरचा थर कायम दाबाखाली आणि आतला कायम ताणाखाली राहतो. काच दाबाने सहसा फुटत नाही, ताणाने फुटते. त्यामुळे हिला फोडायचे तर बाहेरच्या भाराला आधी पृष्ठभागावरचा दाब संपवावा लागतो आणि म्हणून ती साध्या काचेच्या चार ते पाच पट भार सोसते.

पण दाबाचा हा थर दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण एकपंचमांश इतकाच असतो. एखादा खोल टवका त्याच्या पलीकडे, ताणाच्या भागात पोहोचला की आत साठलेली सगळी ओढ एकदम सुटते, तडे सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने पसरतात आणि काचेच्या अख्ख्या पत्र्याचे खडे होतात. सुरीसारखी लांब पाती तयार होत नाहीत, म्हणून तिला सुरक्षा काच म्हणायचे. सुरक्षितता न फुटण्यात नसून फुटण्याच्या पद्धतीत आहे आणि तिची परीक्षासुद्धा तिला मुद्दाम फोडूनच करतात. युरोपीय मानकानुसार ४ ते १२ मिमी जाडीच्या काचेचे ५० मिमी बाजूच्या चौकोनात किमान ४० तुकडे पडले पाहिजेत. कमी पडले तर ती नीट टफन झालेली नाही.

(जाता जाता: वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की शेपटीचा एक मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो आणि शेपटीचे टोक मोडले की पूड होतो. सतराव्या शतकात राजपुत्र रूपर्टने हे मणी इंग्लंडच्या राजाकडे नेले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. वहिनींच्या ओट्यावर काल त्याच जातीचा प्रयोग झाला, फक्त शेपूट कुठे मोडली ते शोधायचे आहे.)

क-२०२, सकाळी ११.१०
सर, एक शंका आहे. टफन्ड काच २०० अंशांपर्यंतचा तापमानातला फरक सोसते आणि साधी काच ४० अंशांच्या आसपासच, असे मी वाचले आहे. मग "गरम काचेवर ओला पोचारा फिरवू नका" असे सगळे का सांगतात? आणि वहिनींची काच तर थंड झाल्यावर फुटली.

अ-४०४, दुपारी १२.०५
ताई, तो आकडा बरोबर आहे, पण तो अंगावर जखम नसलेल्या काचेचा आहे. शेगडीच्या काचेला बर्नरची तीन आणि स्क्रूची चार-सहा भोके असतात आणि भोक म्हणजे आणखी एक कडा. या काचेचा मधला भाग जितका दणकट, तितकी तिची कड आणि कोपरा नाजूक. मधोमध मूठ आपटली तर काही होत नाही, पण कडेला उलथन्याचा दांडा लागला तर बारीक टवका उडतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही आणि नंतर दर वेळच्या तापण्या-निवण्याने तिथली चीर सूतसूत पुढे सरकते. शेवटची सूत ती कधी सरकेल याला वेळ नसतो, निवतानाही सरकते.

आपल्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. मिऱ्याच्या समुद्राकडून येणारा खारा वारा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो, शेगडीच्या पोटातले साधे लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. भोक आणि स्क्रू यांच्यामध्ये रबराचा वायसर नसेल किंवा तो वाळून गळून पडला असेल, तर तो फुगलेला गंज भोकाच्या कडेवर रात्रंदिवस दाब देत राहतो. मी उघडलेल्या फुटक्या शेगड्यांत हे इतक्यांदा पाहिले आहे की मी आधी स्क्रूच बघतो. वहिनी, स्क्रू तपासा आणि तुकडे टाकून देऊ नका.

दुसरे कारण मोठ्या भांड्याचे. बर्नर झाकून टाकणारे मोदकपात्र दीड-दोन तास चढवले, किंवा घावण्यांसाठी बिडाचा तवा सकाळभर ठेवला, की ज्वाळा भांड्याखाली कोंडते आणि उष्णता खाली काचेवर परतते. सुमारे २५० अंशांच्या पुढे काच वारंवार गेली तर तिच्यातला तो दाब हळूहळू उतरू लागतो. तवा उतरवून काचेवरच टेकवण्याची सवय तर सोडायलाच हवी. ओल्या पोचाऱ्याने धडधाकट काच फुटत नाही. मात्र चीर पडलेली काच फोडायला तो पुरतो.

क-३०१, दुपारी १२.३०
भाऊंच्या म्हणण्यात एका कारणाची भर घालतो, कारण ते कठड्यालाही लागू आहे. काच तयार होताना तिच्यात निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण अडकू शकतो. तापलेल्या अवस्थेत त्याची रचना वेगळी असते; झटकन निववल्यामुळे त्याला मूळ रूपात परतायला वेळ मिळत नाही, म्हणून तो पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी सावकाश परततो आणि तसे होताना २ ते ४ टक्के फुगतो. तो ताणाच्या भागात असेल तर काच कोणी हात न लावता फुटते. फुटलेला पत्रा जागेवर धरून राहिला असेल तर सुरुवातीच्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसतात. वहिनींचे तुकडे घरभर उडाल्याने तो पुरावा बहुधा गेला. यावर उपाय म्हणून तयार काच भट्टीत २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवतात, म्हणजे दोषी काच तिथेच फुटते. त्याला हीट सोक म्हणतात. एखादा कण त्यातूनही निसटू शकतो, पण धोका पुष्कळ कमी होतो.

क-२०२, दुपारी १२.५०
ओव्हनमध्ये आम्ही काचेचे भांडे वापरतो, तेही असे फुटेल का?

क-३०१, दुपारी १.१५
ते कोणत्या काचेचे आहे यावर अवलंबून आहे. बोरोसिलिकेट काच मुळात तापल्यावर फारच कमी प्रसरण पावते, साध्या सोडा-लाइम काचेच्या साधारण एकतृतीयांश. म्हणून ती ओव्हनला योग्य, पण पडून फुटली तर तिच्या मोठ्या धारदार ठिकऱ्या होतात. टफन केलेल्या सोडा-लाइमचे भांडे आपटणे अधिक सोसते आणि फुटले तर त्याचे खडे होतात, मात्र ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवायला ते तितके भरवशाचे नाही. भांड्याच्या तळाशी किंवा खोक्यावर काय लिहिले आहे ते पाहावे आणि काठाला टवका गेलेले भांडे, ते कोणत्याही काचेचे असो, ओव्हनसाठी वापरू नये.

सचिव, दुपारी ४.३०
आता कठड्याकडे वळू या. भाऊ, "१२ मिमी टफन्ड" पुरेसे आहे का?

अ-४०४, संध्याकाळी ६.१०
माझ्या मते नाही, आणि तसे सांगताना माझेच एक कोटेशन मागे घ्यावे लागेल, हेही आधीच लिहितो. १२ मिमी काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो भरते. तिसऱ्या मजल्यावर असा एकेरी पत्रा फुटला तर दोन गोष्टी होतात: खाली खेळणाऱ्या मुलांवर खड्यांचे एकमेकांत अडकलेले जड ढेकूळ पडू शकते आणि वर त्या क्षणी कठडाच उरत नाही. बाथरूमच्या पार्टिशनला किंवा टीपॉयला एकेरी टफन्ड चालते, कारण तिथून कोणी खाली पडत नाही. उंचीवर लॅमिनेटेड हवी, म्हणजे ६ मिमीचे दोन टफन्ड पत्रे आणि मध्ये चिवट पापुद्रा, मोटारीच्या समोरच्या काचेत असतो तशा जातीचा. फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात आणि एक पत्रा फुटला तर दुसरा काही काळ आधार देतो. नेहमीच्या पीव्हीबी प्लास्टिकच्या पापुद्र्याची कड उघडी राहिली तर दमट हवेने ती पांढुरकी होऊन सुटू लागते. म्हणून कड बंद करावी किंवा आयोनोप्लास्ट या अधिक ताठ प्लास्टिकचा पापुद्रा मागावा. तो महाग पडतो.

काचेइतकेच लक्ष तिला धरून ठेवणाऱ्या धातूकडे द्यावे लागेल. कोटेशनांत नुसते "एसएस" (स्टेनलेस स्टील) लिहिले आहे. ३०४ ग्रेडच्या स्टीलवर इथे पहिल्याच वर्षी तांबूस डाग दिसू लागतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ते मिठाला अधिक तोंड देते. तरीही ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे लागते. खालच्या चॅनेलला पाणी जायला भोके हवीत, नाही तर पावसाळाभर आत खारट डबके राहील. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा गॅलऱ्यांवरचे पत्रे कसे वाजत होते ते सर्वांना आठवत असेल. वाऱ्याच्या भाराचा हिशेब भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावा, माझ्यासारख्या फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नये. टफन झालेली काच नंतर कापता किंवा भोकता येत नाही, म्हणून मापात चूक झाली तर पत्रा वाया जातो. साइटवर कोणी "थोडी घासून बसवतो" म्हणाला तर काम तिथेच थांबवा.

ब-१०१, संध्याकाळी ६.४०
पण जो पत्रा येईल तो खरोखर टफन्ड आहे, हे आपण ओळखायचे कसे?

अ-४०४, संध्याकाळी ७.००
काका, योग्य प्रश्न. सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ आहे. पत्र्याच्या कोपऱ्यात न पुसता येणारा शिक्का असतो. त्यावर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते कळते. चिकटवलेल्या कागदी स्टिकरला मी शिक्का मानत नाही. आणखी एक साधी युक्ती आहे: पोलराइज्ड गॉगल लावून सकाळच्या तिरप्या उजेडात काच पाहिली तर हवेच्या झोतांमुळे उमटलेले करडे ठिपके बहुधा दिसतात.

क-२०२, संध्याकाळी ७.२५
आत्ताच पाहिले. फ्रीजच्या कप्प्यांवर शिक्का आहे, बिल्डरने बसवून दिलेल्या बाथरूमच्या पार्टिशनवर कुठेही नाही. घरात चार वर्षांचे मूल अनवाणी फिरते.

अ-४०४, संध्याकाळी ७.३५
ताई, रविवारी गॉगल घेऊन येतो. तोपर्यंत त्या दाराच्या कडेला काही आपटू देऊ नका. ज्या ज्या घरांत तशीच पार्टिशने आहेत त्यांनी इथे कळवावे, एकाच फेरीत पाहून होईल.

सचिव, रात्री ८.१५
तिन्ही कंत्राटदारांना उद्या नव्याने पत्र देतो. लॅमिनेटेड टफन्ड, हीट सोक केल्याचे प्रमाणपत्र, ३१६ ग्रेडचे फिटिंग आणि इंजिनिअरचा हिशेब या गोष्टी त्यात लेखी मागेन. दर वाढतील, तो वाढीव आकडा सभेपुढे ठेवल्याशिवाय कोणालाही काम दिले जाणार नाही.

ब-२०३, रात्री ९.०५
भाऊंनी सांगितल्याप्रमाणे शेगडी उलटी करून पाहिली. मागच्या डाव्या कोपऱ्यातला स्क्रू गंजून जागच्या जागी फुगला आहे आणि त्याचा वायसर नाहीसा झाला आहे. बाकीचे तीन ठीक आहेत. फोटो काढले, तुकडे जाड पिशवीत भरून ठेवले आणि बिलासह ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. बारीक कण केरसुणीने निघत नव्हते. सासूबाईंनी कणकेचा गोळा फिरवून फरशी साफ केली, गोळा अर्थातच फेकून दिला. सोलकढीही ओतून टाकावी लागली, त्याचे मात्र वाईट वाटले. ब-१०१ च्या काकांनी संध्याकाळी माळ्यावरची दुसरी स्टीलची शेगडी स्वतः आणून जोडून दिली आहे.

ब-१०१, रात्री ९.२०
वहिनी, तिचा उजवा बर्नर थोडा मंद जळतो. भात डाव्या बर्नरवर ठेवा.