तिळाचा तक्ता उतरवा, न भरणारी जखम दाखवा

कडेलोट (धागाकर्ता)
त्वचेच्या कर्करोगाच्या आपल्या पत्रकांवर अजून तोच गोऱ्या पाठीवरचा तीळ: वाकडा आकार, फाटकी कड, दोन-तीन रंग, 6 मिमीहून मोठा. हा 'एबीसीडी' नियम 1985 साली न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी बसवला. त्यांच्यासाठी ठीक. आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा तो तिळासारखा दिसणारा कर्करोग, मुळात कमी, आणि झालाच तर बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. स्क्वॅमस कर्करोग, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा, उगवतो तो भाजल्याच्या जुन्या व्रणावर, कुष्ठरोगातल्या तळपायाच्या जखमेवर, परकराची नाडी काचते तिथे. वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये कमरेवरच्या अशा दोन केसेस छापल्या. एकीची जखम दीड वर्षाची होती. पत्रकावर हे हवं: चार आठवड्यांत न भरलेली, कड उचललेली, धक्का लागताच रक्त येणारी जखम. कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई चट्टे बघतातच, तेव्हाच तळपाय आणि कंबरही बघावी.

चाळणी
साफ विरोध. जर्मनीने 2008 पासून 35 वर्षांपुढच्यांना दर दोन वर्षांनी त्वचा-तपासणी देऊ केली. त्यामुळे मृत्यू घटले असं ठामपणे दिसलं नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटानेही 2023 मध्ये 'पुरावा अपुरा' असाच शेरा दिला. इथे तर प्रत्येक भेगाळलेली टाच संशयित ठरेल. आशांच्या गळ्यात आणखी एक रकाना, मोबदल्याचं कोण बोलणार?

कडेलोट
जर्मनीत धडधाकट माणसं तपासतात. इथला माणूस जखम घेऊन, हळद लावत घरात बसलाय. दोन्ही एकाच मापाने कसं मोजता? आणि टाचेची भेग रेषेसारखी असते, मलम लावून मोजे घातले की भरत येते.

फॉर्मॅलिन
तुमचं चालू द्या, पण बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणं) कोण नीट करतंय? मधल्या कुजक्या भागातून तुकडा घेतला की अहवाल येतो 'फक्त दाह', आणि पुन्हा ड्रेसिंग सुरू. तुकडा कडेवरून, लगतच्या चांगल्या कातडीसकट, दोन-तीन ठिकाणांहून घ्यावा. लगेच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण), तेही तुकड्याच्या दहापट. सलाईनमध्ये टाकलेला तुकडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सडतो. संशयित काळा डाग मात्र वरवर खरवडू नये. शक्य असेल तिथे 1 ते 3 मिमी कडेसह अख्खा काढावा. डाग किती खोल गेलाय तेच मोजता आलं नाही तर पुढचे उपचार कशावर ठरवणार?
नखाचंही सांगा. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. मुळापासून टोकापर्यंत टिकलेला, रुंद होत जाणारा आणि मुळाजवळच्या कातडीवर उतरलेला काळा पट्टा दिसला तर थांबायचं नाही.

चाळणी
हे पटतं. मग आशांना सोडा, ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरना शिकवा. रजिस्टरमध्ये तारीख असतेच. चार आठवड्यांनी तीच जखम पुन्हा आली की थेट बायोप्सीला चिठ्ठी.

कडेलोट
भाजल्याच्या व्रणांना चालेल. नाडीखालची जखम ड्रेसिंगला येतच नाही, पदराआड राहते. ती आशाताईलाच दाखवली जाईल. आणि तिने तिथेच सांगावं: नाडी रुंद पट्टीची, सैल, रोज जागा बदलून.