मदत हवी आहे: नर्सेसच्या बर्नआउटसाठी (कामाच्या ताणाने येणारा टोकाचा थकवा) स्वकाळजीचं शिक्षण कसं आखावं?

प्रश्नकर्ती: आयसीयू आणि मेडिसिन वॉर्ड मिळून ४० स्टाफ नर्सेस. ड्यूटी ८ ते २, २ ते ८ आणि नाइट ८ ते ८. एका दिवसाच्या व्याख्यानाला परवानगी मिळाली आहे. तेवढ्याने काही साधेल का? फरक पडला हे मेट्रन मॅडमना कशावरून दाखवायचं?

आयसीयू इन्चार्ज: ताई, दिवसभराचं व्याख्यान नको. नाइट करून आलेल्या सिस्टर पेंगतात आणि ज्यांना खरी गरज, त्यांनाच वॉर्ड सोडता येत नाही. इव्हिनिंगला साडेतीनच्या सुमारास १५ मिनिटं घ्या, अर्ध्या जणी बसतील, अर्ध्या वॉर्ड बघतील, मग अदलाबदल. ओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरना देतात तेव्हा, ठेवू नका आणि ड्यूटी संपल्यावर तर मुळीच थांबवू नका, ती शिक्षा वाटते.

सुरुवात झोपेपासून करा, श्वसनाचे व्यायाम नंतर. नाइटला आळीपाळीने डुलकी घ्यायची तर २० मिनिटांचा अलार्म लावायचा. पाऊण तास झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड राहतं आणि डोस काढताना चूक होते. उठल्यावर निदान १५ मिनिटं इंजेक्शन भरायचं नाही. सकाळी नऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री तीनच्या आत. आणि नाइटनंतर स्कूटर नको, बस किंवा रिक्षा. हे प्रत्येक बॅचला सांगाच.

नर्सिंग ट्यूटर: मोजायला कोपनहेगन बर्नआउट प्रश्नावली घ्या. १९ प्रश्न आहेत, मोफत वापरता येते. (मास्लाकची २२ प्रश्नांची आहे, पण विकत घ्यावी लागते.) वैयक्तिक, कामाचा आणि रुग्णांशी संबंधित थकवा असे तीन भाग, प्रत्येकाची ० ते १०० मध्ये सरासरी. सुरुवातीला एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा. फॉर्मवर नाव नको आणि ते इन्चार्जच्या हातात द्यायला लावू नका, बंद पेटी ठेवा. नाहीतर सगळ्या जणी 'छान चाललंय' लिहितील.

कामाचा भाग चढा आला तर रोस्टर बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. मेट्रन मॅडमसमोर हे ठेवा आणि सोबत दोनच मागण्या करा: पाळ्या मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट याच क्रमाने फिराव्यात आणि नाइट संपवून घरी जाण्याचा दिवस ऑफमध्ये धरू नये.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चेंजिंग रूममध्ये लावा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मात्र कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर नंबर देऊन थांबू नका, तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.